उसना आवाज

अंदमानला निघालेल्या सहलीच्या विमानात एकेकाळची हवाई सेविका वृंदा साबडे प्रथमच प्रवासी म्हणून बसली होती. शेजारी तिचे अण्णा होते. त्यांची दृष्टी गेली होती, निदान समुद्र ऐकवावा म्हणून तिने हट्टाने त्यांना आणलं होतं. आता विमानात सेवेला यंत्रसेविका असत. प्रवाशांशी कसं बोलायचं, हे वृंदानेच त्यांना शिकवलं होतं. आवाजही तिचाच दिला होता.

विमान हादरलं, तसे अण्णा घाबरून चाचपडू लागले.

“अण्णा, नीट बसा ना!” वृंदा वसकन ओरडली.

यंत्रसेविका लगबगीने येऊन वाकली. “घाबरू नका हं, आजोबा. हात द्या बघू.”

अण्णांनी तो हात घट्ट धरला आणि विमान स्थिरावल्यावरच सोडला.

“आवाज अगदी तुझा आहे गं,” ते वृंदाला म्हणाले.

“माझाच आहे, अण्णा.”

“मग माझ्याशी कधी अशी का बोलली नाहीस?”

बऱ्याच वेळाने वृंदाने अगदी मायेने विचारलं, “पाणी देऊ का तुम्हाला?”

अण्णा हसले आणि मधल्या वाटेकडे तोंड वळवून म्हणाले, “मला नको गं बाई. माझ्या लेकीला विचार.”