सिलोनात मारलेली थाप

"परक्या देशात आपल्या घरची लाज काढायची नाही," माळव्यातल्या धारहून निघतानाच शिक्षिका जानकीबाईंनी शाळेतल्या मुलींना बजावलं होतं. सिलोनच्या खेड्यांतली विकासाची कामं बघायची आणि आठवडाभर श्रमदान करायचं, म्हणून १९५५ साली त्या मुलींना घेऊन गेल्या होत्या.

शेवटच्या दिवशी मुली नव्या विहिरीची माती उपसत होत्या. तिथल्या मास्तरीणबाईंनी जानकीबाईंना इंग्रजीत सर्वांसमोर टोचलं, "इथे येऊन विहिरी खणता, आणि तुमच्याकडे म्हणे हरिजनांना विहिरीवर येऊ देत नाहीत?"

"माझ्या अंगणातल्या विहिरीवर कुणीही पाणी भरतं," जानकीबाई ताडकन म्हणाल्या.

परतीच्या बोटीत मुलींमधली हरिजनवस्तीतली मालन फणकारली, "बहनजी, तुमच्या विहिरीची दोरी मलासुद्धा धरू देत नाही तुम्ही. रोज पोथी वाचता अन् सरासर झूठ बोललात?"

"बोलले. पण घरी पोचल्यावर ते खोटं राहणार नाही, शब्द देते तुला."

विहीर सगळ्यांना खुली करणार, असं घरी त्यांनी सांगताच दीर खवळले. "लंकेत जाऊन स्वतः बाटून आलात, आता विहीरही बाटवा! उद्या देवाला कुठलं पाणी घालाल, वहिनी?"

"त्याच विहिरीचं, भावजी."


सकाळी पूजेची रिकामी घागर विहिरीच्या काठावर ठेवून जानकीबाई हरिजनवस्तीकडे निघाल्या. आज पहिलं पाणी तिथल्या बायका भरणार होत्या, देवाचं त्यानंतर.