रेषेबाहेर

निकानोर फ्रीआसचा उतरलेला चेहरा बघायचा म्हणून एवारिस्तो कोर्बालान शहरातली फायनल सोडून साखर कारखान्याच्या गावी आला होता.

अर्जेंटिनातल्या तुकुमान प्रांतातल्या क्लबांच्या रग्बी सामन्यांना पंच नेमायचं काम कोर्बालानकडे होतं. यंदाची फायनल निकानोरलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. दोन्ही संघांनी तसं कळवलंही होतं. समितीत कोर्बालान म्हणाला, निकानोर आता पळायला कमी पडतो. मग त्यानं फायनल दुसऱ्याच एका पंचाला दिली आणि निकानोरला इकडे धाडलं, सगळ्यात खालच्या गटातल्या सामन्याला. दोघांनी शिट्टी एकाच वर्षी हातात घेतली होती. गुडघा निकामी होईपर्यंत कोर्बालाननं इमानेइतबारे पंचगिरी केली. पण ‘आम्हाला कोर्बालानच हवा’ असं कुठल्याही संघानं कधी कळवलं नव्हतं.

मैदानाला लागूनच ऊस होता. जाळलेल्या फडाची काळी राख उडत येऊन गवतावर पडत होती. पंधरा माणसं भरायची म्हणून गावच्या संघानं गोदामातल्या हमालालाही बूट चढवायला लावले होते. आणि निकानोर त्या हमालाला नाडी कशी बांधायची ते दाखवत हसत होता. कोर्बालान दिसताच तो हात पसरून पुढे आला. तक्रारीचा एक शब्द नाही. उलट म्हणाला, बरं झालं आलास, एका बाजूचा रेषापंच उगवलाच नाही, तू झेंडी धर. नाही म्हणायला कोर्बालानला निमित्त सापडलं नाही.

तो शहरी बुटांनी रेषेवरून लंगडत राहिला. निकानोरचं पळणं कमी झालं होतं, ते खोटं नव्हतं. पण चेंडू जिथं जायचा तिथं तो आधीच उभा असायचा. निर्णय विरुद्ध गेला तरी धिप्पाड गडी मान हलवून मागं सरत होते. मध्यंतरात एका म्हातारीनं निकानोरला पाणी दिलं आणि त्याच्या बायकोची पाठ आता कशी आहे ते विचारलं. पाणी कोर्बालानलाही मिळालं. नाव कुणी विचारलं नाही. याच्याकडून फायनल काढून घेतली, त्याला वाटलं, तरी याचं काहीच कमी झालेलं नाही.

गावच्या संघानं वर्षभरात एकही सामना जिंकला नव्हता. आज ते फक्त तीन गुणांनी मागं होते. अगदी शेवटी चेंडू रुफिनोच्या हाती आला. रुफिनो कारखान्यात भट्टीवर असायचा, चाळिशीला टेकलेला. कोर्बालानच्या अंगानं, रेषेला धरून तो पळत सुटला, दोघांना हुलकावणी दिली आणि चेंडू छातीशी घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पडला. ट्राय झाला, पाच गुण. निकानोरनं ट्राय द्यायला हात वर केला. ओरडत, नाचत लोक निकानोरकडेच धावले.

तेव्हा कोर्बालाननं झेंडी उचलली.

रुफिनोचा पाय बाहेर गेला नव्हता. हे त्याच्याइतकं जवळून कुणीच पाहिलं नव्हतं. आता ट्राय रद्द करावा लागला की गाव निकानोरला सोडणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

गलका झाला. कुणी म्हणालं, झेंडी उशिरा वर आली. कुणी म्हणालं, शहरवाला विकला गेलाय. गावचा कप्तान निकानोरच्या अगदी अंगावर गेला. निकानोर त्याला बाजूला करून कोर्बालानपाशी आला. तू नीट पाहिलंस ना, एवढंही त्यानं विचारलं नाही. तो लोकांकडे वळला.

“या माणसाला मी तीस वर्षं ओळखतो. यानं झेंडी वर केली म्हणजे पाय बाहेर होता.”

त्यानं शिट्टी वाजवली. ट्राय रद्द, सामना संपला. शिव्या थोडा वेळ चालल्या, मग विरल्या. कप्तानानं निकानोरचा हात हातात घेतला.

सामना झाल्यावर दोन्ही संघांनी पंचांसह एका पंगतीला बसायचं, ही तिथली रीत. लांब टेबलावर एम्पानादांची, खिमा भरलेल्या करंज्यांची, ताटं आली. रुफिनो स्वतः वाढत होता. त्यानं ताट पहिल्यांदा कोर्बालानपुढे धरलं, शेजारी लिंबाची फोड ठेवली, आणि तो तिथंच घुटमळला.

“काका, एक विचारू? भांडायला नाही.”

“विचार.”

“माझा पाय किती बाहेर होता?”

आजूबाजूचे वळून बघू लागले. निकानोरही घास हातात धरून बघत होता. कोर्बालाननं हात वर केला आणि अंगठा नि बोट यांच्यात थोडी फट ठेवली.

रुफिनो वाकून ती फट नीट न्याहाळत राहिला. मग त्यानं भट्टीवर पोळलेल्या आपल्या बोटांत तेवढंच अंतर धरलं, पुन्हा एकदा ताडून पाहिलं, आणि बोटं न हलवता ते बायकोला दाखवायला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला.