उलट्या कांडीची नोंद

दुपारी दोन वाजता बोगदा खणणारं यंत्र आपणहून सुरू होणार होतं. कुठल्या थरातून जायचं, ते यंत्र थेट दगडकोठाराच्या संगणकीय नोंदवहीला विचारत असे. माणसांना विचारणं कधीच बंद झालं होतं.

कोठाराची राखणदार गोदावरी खिल्लारे पेटी पुसता पुसता थबकली. त्या बोगद्याच्या जागी जमिनीत भोक पाडून काढलेली दगडाची कांडी त्या पेटीत होती.

"शरयूताई, ही कांडी उलटी ठेवलीय."

नोंदणी सांभाळणारी शरयू हसली. "मावशी, नोंदवहीनं तिचा कण न् कण मोजलाय."

"मोजला असंल. पण वरची बाजू कुठली, ते पेटीत ठेवणाऱ्यानंच सांगितलं ना? लाव्हा निवताना बुडबुडे वर चढतात. इथं ते खाली आहेत. म्हणजे ही तळाची तांबडी भुसभुशीत माती खरी बोगद्याच्या छतावर आहे, ढासळंल ती. यंत्रामागं अस्तर लावायला माझी लेक जाणार आहे, बाई."

शरयूचं हसू मावळलं. तिनं दुरुस्तीचा रकाना उघडला. साठीत अक्षरं शिकलेल्या गोदावरीनं एका बोटानं लिहिलं, 'बुडबुडे वर पाहिजेत.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

दोनला पाच मिनिटं असताना यंत्राचं सुरू होणं थांबवल्याचा निरोप आला. पाठोपाठ नोंदवहीच्या पडद्यावर ओळ उमटली: 'आणखी अकरा पेट्यांबद्दल शंका. गोदावरी खिल्लारे यांनी पाहाव्यात.'

"आधी चहा सांग," गोदावरी पदर खोचत म्हणाली, "मग एकेक काढ."