चोचींच्या कापडाचा शर्ट

वन्संनी नवी गोधडी भिंतीवर चढवली आणि वहिनीची कात्री कापडातच थांबली.

"कशी झालीये?" शिडीवरून उतरत वन्संनी विचारलं.

"छान," वहिनी म्हणाली. तिची नजर गोधडीच्या डाव्या कोपऱ्यावरून हलत नव्हती.

गोधड्यांच्या कापडाचं ते दुकान वन्संचं, म्हणजे तिच्या नणंदेचं. त्या तशी हाक मारत म्हणून गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणत. वन्संच्या गोधड्या पांघरायच्या नसत, भिंतीवर चित्रासारख्या टांगायच्या असत. चिंध्यांचं आभाळ, अस्तराचा समुद्र, धावदोऱ्याचा पाऊस. दुकान रिकामं असलं की वहिनी एकेक टाका न्याहाळत बसे. नवरा घरात होता तोवर असं निवांत बसणं नशिबी नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला आणि ती इथे कामाला लागली. आता हाताला लागलीच तर सुई लागे.

नव्या गोधडीत एक तळं होतं. तळ्याच्या काठाशी वीतभर निळं कापड, त्यावर पांढरे पक्षी. आणि प्रत्येक पक्ष्याची लाल चोच शेपटीला चिकटलेली.

तसं कापड दुसरं असणं शक्यच नव्हतं. छापखान्यात रंगाचा साचा सरकला आणि अडीच-तीन मीटर असं छापून आलं. विकाऊ मालाचा नमुना कापून ठेवायची दुकानात पद्धत होती, पण हे काही विकाऊ नव्हतं. वन्सं पोट धरून हसल्या होत्या. "घेऊन जा, भावाला शर्ट शिव. त्याचंही तोंड कुठे नि पाय कुठे!" वहिनीने शिवला. शेवटचं पाहिलं तेव्हा तोच शर्ट त्याच्या अंगावर होता. पोलिसांनाही तिने तेच सांगितलं होतं.

"वन्सं, हे चोचींचं कापड कुठून आणलंत?"

"जुने कपडे घेणारी बाई येते ना, तिचं एक गाठोडं घेतलं गेल्या आठवड्यात." वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हटलं बघू, तू ओळखतेस का."

वहिनीने कात्री खाली ठेवली.

"त्याच्याच शर्टाचं असेल कशावरून?"

"मग कुणाच्या? शर्ट इथवर आला म्हणजे भाऊही जवळपासच कुठेतरी असणार. उद्या सकाळी येईल ती बाई. कुणाच्या घरून मिळाला ते विचारू. तूही थांब हो. माझा भाऊ असला तरी तुझा नवरा आहे."

"हो," वहिनी म्हणाली.

वन्सं आत गेल्या तशी ती भिंतीजवळ गेली. त्या तुकड्यावरून तिने बोट फिरवलं. जुन्या शिवणीची भोकं कुठे दिसत नव्हती. कापड कोरं करकरीत होतं, जणू त्याला कधी ऊनच लागलं नव्हतं. याचीच तिला जास्त भीती वाटली. रंग विटलेला असता, तर कुणीतरी वापरलाय, धुतलाय, वाळत घातलाय, असं तरी म्हणता आलं असतं.

कोण भेटलं असेल त्याला? कुणी उतरवला असेल तो शर्ट? गेल्या महिन्यात शेजारच्यांकडे भिंत बांधायला माणसं आली होती. त्यांच्यापैकी कुणाला काही ठाऊक असेल? आणि असलं तरी विचारायचं कुठल्या तोंडाने?

एक गिऱ्हाईक आलं. दोन मीटर पिवळं मागितलं, वहिनीने दोन मीटर हिरवं कापलं.

"अहो वहिनी, लक्ष कुठाय?"

"चुकलं हो," ती म्हणाली आणि पुन्हा हिरव्यालाच कात्री लावली. तीन वर्षांत तिच्या हातून एक बोटभर कापड वाया गेलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने पडद्याशी जाऊन हाक मारली. "वन्सं, डोकं भयंकर दुखतंय. घरी जाऊ का?"

"जा बाई, पड जरा." वन्संनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "रडू नकोस. एकदाचं काय ते कळेल. इतकी वर्षं ना धड आशा, ना धड निराशा. जीव टांगणीला लागलाय माझा."

"माझाही," वहिनी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

भर दुपारी ती जवळजवळ धावतच निघाली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हाक मारली, तिने ऐकली नाही. उद्या सकाळपर्यंत दम धरवणारच नव्हता. तो शर्ट कुठून आला हे तिला आज, आत्ता कळायला हवं होतं.

घरी येऊन तिने पुढचं दार आतून लावून घेतलं. पाण्याचा घोटही न घेता ती परसात गेली. धुण्याच्या दगडाखाली पहार घालून दगड बाजूला लोटला आणि माती उकरू लागली. हातभर खाली ताग्यांना गुंडाळतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक लागलं. तिने त्यावरची माती पुसली. कॉलर होती. दोन्ही बाह्या होत्या, खिसा होता, बटणं होती. कुठे चिंधीएवढाही तुकडा गेलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिने त्याला जसा पुरला होता, तसाच तो होता. वहिनी मातीतच बसली आणि तिने डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला.

"तो तुकडा माझ्याकडचाच होता, वहिनी, तेव्हाच नमुना म्हणून कापून ठेवलेला," कुंपणापलीकडून आवाज आला. वन्सं उभ्या होत्या, मागे दोन पोलीस. "भाऊ कुठाय, तेवढंच तुझ्याकडून कळायचं राहिलं होतं."