निळी टोपी, माकडटोपी

अचोलने सोफा ढकलत नेऊन दाराला लावला, तो आवाज शेजारच्या अंगणात विवेकना ऐकू आला. तिच्या दाराबाहेर मास्क लावलेले दोन सैनिक आणि एक पोलीस उभे होते. अचोल पॉझिटिव्ह होती. ती घरातच आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पोलिसाने पुन्हा दार वाजवलं. आताही उघडलं नसतं, तर ती विलगीकरण मोडून पळाली अशी नोंद झाली असती आणि पोलिसांचं शुक्लकाष्ठ मागे लागलं असतं.

ती का घाबरली, हे विवेकना ठाऊक होतं. अचोल दक्षिण सुदानची. कालच कुंपणापलीकडून म्हणाली होती, "अंकल, आधी निवडणूक पुढे ढकलली. मग रात्रीची संचारबंदी. आता रस्त्यावर सैनिक. आमच्याकडे असंच सुरू झालं होतं."

विवेक हसले होते. ब्लॅकटाउन या त्यांच्या उपनगराच्या कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची निवडणूक ती. कोविडमुळे डिसेंबरवर गेली होती, इतकंच. कचरा आणि बागा सांभाळणारी माणसं तर निवडायची.

आज हसू येईना. ते लगबगीने आत गेले. निवृत्त कर्नल विवेक लेकीकडे म्हणून आले आणि सीमा बंद झाल्या, तेव्हापासून इथेच अडकले होते. पण बॅगेत निळी टोपी होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत ते अचोलच्याच देशात वर्षभर होते. निवडणूक आज होईल, उद्या होईल, म्हणत ते वर्ष गेलं आणि ती न होताच ते परतले. तरी त्या टोपीचा त्यांना फार अभिमान होता.

"बाबा, ती कशाला घालतोयस?" ऋताने विचारलं.

"तिच्या ओळखीची आहे. धीर येईल तिला."

टोपी घालून ते कुंपणापाशी ताठ उभे राहिले. समोरचा पडदा हलला. मग आत आणखी काहीतरी जड सरकलं, बहुधा कपाट. त्यांचा फोन वाजला.

"अंकल," अचोल कुजबुजली, "तुम्हालाही बोलावलं? म्हणजे आता सगळंच संपलं."

विवेकना ते फार लागलं. आपल्याला बघून लोकांना हायसं वाटतं, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. तिथल्या लोकांना मात्र ही टोपी दिसली, ती सगळं हाताबाहेर गेल्यावरच. त्यांनी ती काढून खिशात कोंबली.

"मला कुणी बोलावलं नाही. मी ऋताचा बाबा. थांब, आलोच."

ते परतले ते माकडटोपी घालून, हातात खिचडीचा डबा घेऊन. अचोल आजारी पडल्यापासून रोज सकाळी ते याच अवतारात तिच्या पायरीवर डबा ठेवत आणि तिची धाकटी लेक खिडकीतून खिदळत असे. आजही ती खिदळली. मग कपाट सरकलं, सोफा सरकला आणि दार उघडलं. पोलिसाने लांबूनच मान डोलावली.

"नो वरीज, मॅम. काळजी घ्या."

डिसेंबरमध्ये शाळेतल्या मतदान केंद्रातून अचोल बाहेर आली, हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज, इथे मत देऊन झालं की केंद्राबाहेर सगळे खातात ते. विवेक गेटशी थांबले होते.

"झाली, अंकल," ती म्हणाली. "निवडणूक झाली."

एवढंच ऐकायला ते वर्षभर तिच्या देशात उभे होते.