दोनशे बारा फोन

मंत्र्यांनी मागे न बघताच हात पसरला. शिपायाने त्यावर चिठ्ठी ठेवली.

“रुग्णवाहिका उशिरा पोहोचल्यामुळे वर्षभरात चार मृत्यू झाले,” मंत्र्यांनी वाचलं. चिठ्ठी आधी वाचायची आणि मग समजून घ्यायची, ही त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती.

चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ अधिकाऱ्यांच्या सज्जात कोपऱ्यात बसले होते. खात्यात त्यांना सगळे चिठ्ठीकाका म्हणत. एकतीस वर्षं ते प्रश्नोत्तरांच्या तासाला मंत्र्यांच्या पाठीशी बसत आले होते. मंत्री सात झाले, अक्षर तेच राहिलं. या सज्जातल्या माणसाने सभागृहात तोंड उघडायचं नसतं. काय ते कागदावर. काकांना ते बरंच होतं. चारचौघांत बोलणं ते जन्मभर टाळत आले होते.

पेनाला टोपण लावताना त्यांनी सहज वर पाहिलं. प्रेक्षकांचा सज्जा आज बंद होता. छताचं काम निघालं होतं. दाराला कुलूप होतं आणि खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या होत्या.

पहिल्या रांगेत चार माणसं बसली होती.

“माझ्या यादीत एकोणीस आहेत,” समोरच्या बाकावरून सिस्टर म्हणाल्या. निवडून येण्याआधी त्या बावीस वर्षं नर्स होत्या. ते नाव काही सुटलं नव्हतं. “वाचू नावं?”

“वाचा की. वॉर्डात फिरून हजेरी घ्यायची सवय आहेच तुम्हाला,” मंत्री म्हणाले. त्यांच्या बाजूची बाकं वाजली.

सिस्टरनी नावं वाचली. ती संपेपर्यंत काकांनी मान खाली ठेवली. मग पाहिलं, तर पहिली रांग भरली होती आणि दुसऱ्या रांगेतही माणसं होती. एका म्हातारीचे केस ओले होते, खांद्यावर पंचा तसाच. एका माणसाच्या अर्ध्या गालावर दाढीचा साबण होता. चादरींवर मात्र कुठे चुणी पडली नव्हती.

“वर कोणाला सोडलंय का रे?” काकांनी शिपायाला कुजबुजत विचारलं.

“कुलूप मीच घातलंय, काका. चष्म्याचा नंबर बघा एकदा.”

शेजारी बसलेल्या सचिवांनी डोळे वटारले. आजचा प्रश्न निभावला, की रुग्णवाहिकांचं कंत्राट आणखी पाच वर्षं त्याच खासगी कंपनीकडे राहणार होतं. सकाळीच ते गोड आवाजात म्हणाले होते, “आठच महिने राहिले ना तुमचे? सुखाने घरी जा, काका.”

“आता मला सांगा,” सिस्टरनी विचारलं, “बोलावणाऱ्यांनीच नंतर रद्द केलेल्या फेऱ्या किती?”

हात पसरला. चिठ्ठी गेली. आकडा वाचून मंत्र्यांचा चेहरा खुलला.

“दोनशे बारा! दोनशे बारा घरांतून पुन्हा फोन आला, की आता गाडी नको. बाई, आमच्या गाडीचं नुसतं नाव काढलं तरी माणसं खडखडीत बरी होतात!”

सभागृह खो खो हसलं. अध्यक्षही हसले. वर खुर्च्या भरत चालल्या होत्या. पाऊल वाजत नव्हतं, खुर्ची सरकत नव्हती. हसणं ओसरलं तेव्हा माणसं मागच्या भिंतीला टेकली होती.

अशा फेरीपुढे खात्यात एकच शेरा पडत असे: ‘गरज नसल्याचे कळवले.’ असा शेरा असला की ती फेरी उशिरात धरायची नाही. हा नियम नऊ वर्षांपूर्वी झाला. त्याचा मसुदा काकांचा. त्या वेळी तो त्यांना सुटसुटीत वाटला होता. या उत्तराच्या तयारीसाठी त्यांनी त्या दुसऱ्या फोनांची रेकॉर्डिंग मागवली आणि अकरा दिवस बसून ऐकली. एक सोडून सगळी. ते एक त्यांना पाठ होतं.

सिस्टर अजून उभ्याच होत्या. “नको का म्हणाले ते?” त्यांनी विचारलं.

मंत्र्यांचा हात मागे आला.

“लिहा,” सचिव पुटपुटले. “रुग्णाच्या प्रकृतीस आराम पडल्याने.”

काकांनी टोपण काढलं. वरचे सगळे चेहरे वळले होते, मंत्र्यांकडे नाही, त्यांच्याकडे. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दाराशी उभं राहून गाडीची वाट बघणारी माणसं रस्त्याकडे बघतात, तशी ती बघत होती.

“काका, आठ महिने,” सचिव म्हणाले.

काकांनी लिहिलं. घडी घातली. शिपाई घेऊन गेला.

मंत्र्यांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं, “आता गाडी पाठवू नका. पाऊण तास वाट पाहिली. ही गेली.”

कोणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मध्येच थांबलं. मंत्र्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काहीच नव्हतं. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. एवढ्या वर्षांत कोणत्याच मंत्र्याने तसं पाहिलं नव्हतं.

वरचा सज्जा रिकामा झाला होता. शेवटच्या रांगेतली एक बाई तेवढी उठली नव्हती.

“कोणाचे शब्द आहेत हे?” सिस्टरनी हळू आवाजात विचारलं.

मंत्र्यांचा हात पुन्हा मागे आला आणि पसरून तसाच राहिला. चिठ्ठी आली नाही. अधिकाऱ्यांच्या सज्जात एक म्हातारा माणूस कठड्याला धरून उभा राहत होता. सचिव त्याचा कोट ओढत होते.

“माझे,” चिठ्ठीकाका म्हणाले.