दोन पंखांची माशी

“काका, गांधीलमाशीला पंख किती?” मैत्रिणींनी पैजेवर दिलेला प्रश्न शर्वाणीने गच्चीवर गांधीलमाश्या लेझरने जाळणारं यंत्र बसवून चालू करणाऱ्या काकांना विचारलाच.

“चार. का गं?”

“मग हिला दोनच कसे?” तिच्या तळहातावर पिवळ्या पट्ट्यांची माशी बसली होती. तीच पुढे म्हणाली, “ही सिरफिड माशी! हिला नांगीच नाही. हिच्या अळ्या आईच्या कुंडीतल्या भेंडीवरची मावा कीड फस्त करतात.”

पण यंत्राला फक्त पट्टे दिसले की जाळायचं, एवढंच शिकवलेलं. नेम धरणारा लाल ठिपका तिच्या तळहातावर येऊन थांबला.

“हात झटक, पोरी!” काका ओरडले.

शर्वाणीने दुसरा हात माशीवर झाकला. पट्टे दिसेनासे झाले, तसा ठिपका विझला. आरडाओरडा ऐकून आई-बाबा धावत वर आले.

“आई, बाबा, मी ठरवलंय. हे यंत्र परत जाईपर्यंत मी हात उघडणार नाही. जेवायलासुद्धा नाही!”